ढगांतील राजधानी : एल् येरो बेटावरील वाल्वेर्दे

जुने नकाशे चाळण्याची ज्यांना आवड आहे, त्यांच्या दृष्टीस एक गोष्ट पडली असेल. आपण आज रेखांश मोजतों ते इंग्लंडांतील ग्रीनिच येथून. परंतु एकोणिसाव्या शतकांतील पुष्कळशा जर्मन व ऑस्ट्रियन नकाशांत शून्य रेखांश "फेरो" नांवाच्या एका लहानशा ठिपक्याशीं जोडलेला आढळतो. हा ठिपका म्हणजे आफ्रिकेच्या वायव्य किनाऱ्यासमोर अटलांटिक महासागरांत पसरलेल्या कॅनरी द्वीपसमूहाचें पश्चिम टोंक होय. तें बेट स्पेनच्या राज्यांत असून स्पॅनिश लोक त्यास एल् येरो म्हणतात. प्राचीन भूगोलवेत्ता टॉलेमी यानें ज्ञात जगाची पश्चिम सीमा याच द्वीपांपाशीं मानली होती. त्या परंपरेस अनुसरून १६३४ मध्यें फ्रान्सचा राजा तेरावा लुई यानें मुख्य रेखांश येथूनच धरावा असा हुकूम काढला. पुढें हिशेबाच्या सोयीसाठीं ही रेषा पॅरिसच्या पश्चिमेस बरोबर वीस अंशांवर आहे असें ठरविण्यांत आलें. वस्तुतः बेटाचें पश्चिम टोंक त्याहून सुमारें अर्धा अंश पलीकडे आहे. म्हणजे सोयीपुढें सत्यास अर्धा अंश माघार घ्यावी लागली! १८८४ मध्यें वॉशिंग्टन येथील परिषदेनें ग्रीनिचची निवड केली आणि एल् येरोचा हा मान गेला. तरी तेथील लोक आपल्या भूमीस अद्यापि "मध्यान्हरेषेचें बेट" म्हणतात.

परंतु आपणांस आज त्या रेषेकडे जावयाचें नाहीं. या बेटाची जी चिमुकली राजधानी, वाल्वेर्दे, तिची ओळख करून घ्यावयाची आहे.

बेट मोठें नाहीं. त्याचें क्षेत्रफळ सुमारें २७० चौरस किलोमीटर, म्हणजे बृहन्मुंबईच्या निम्म्याहूनहि कमी. आणि लोकवस्ती अकरा-बारा हजारांच्या घरांत. शेजारच्या तेनेरीफ बेटावरून आगबोटीनें आलेला प्रवासी ला एस्ताका या बंदरांत उतरतो, तेव्हां प्रथमदर्शनीं त्याची थोडी निराशाच होते. समोर काळा, उघडा, करपल्यासारखा दिसणारा खडक. मधून मधून निवडुंगासारखीं कांटक झुडपें. नदी नाहीं, ओढा नाहीं. हा खडक आपल्या ओळखीचा आहे. सह्याद्रीचे कडे ज्या बेसॉल्ट नांवाच्या अग्निजन्य पाषाणाचे बनले आहेत, त्याच जातीचा हा पाषाण होय. भेद इतकाच कीं, आपला सह्याद्रि सुमारें साडेसहा कोटी वर्षांचा वृद्ध, तर हें बेट समुद्रावर डोकें काढून जेमतेम दहा-बारा लक्ष वर्षें झालेलें बालक आहे. पाण्यानें अद्याप त्याच्या अंगावर खोल दऱ्या कोरलेल्या नाहींत. पावसाचें पाणी सच्छिद्र खडकांत तत्काळ मुरून जातें आणि वाहता झरा म्हणून कोठें सहसा दिसत नाहीं.

बंदरापासून सडक वळणें घेत घेत वर चढूं लागते. आठ-नऊ किलोमीटरांत ती समुद्रसपाटीपासून सुमारें सहाशें मीटर उंचीवर जाते आणि तेथें, उतारावर टेकलेलीं पांढरीं घरें दिसूं लागतात. हेंच वाल्वेर्दे. स्पॅनिश भाषेंत या नांवाचा अर्थ "हिरवी दरी" असा आहे. खालचा काळा किनारा पाहून आलेल्या माणसास तो अर्थ येथें पोंचल्यावरच पटतो. कॅनरी बेटांतील इतर सर्व राजधान्या आज समुद्रकांठीं, बंदरांच्या कुशींत आहेत. एकटी वाल्वेर्दे तेवढी समुद्राकडे पाठ फिरविल्याप्रमाणें डोंगरावर बसली आहे.

राजधानी म्हटल्यावर जें वैभव डोळ्यांपुढें उभें राहतें, तें येथें शोधूं नये. मूळ गांवाची वस्ती दोन हजारांच्या आंतबाहेर. रस्ते अरुंद व चढउतारांचे. एका घराचें अंगण तें खालच्या घराच्या छपराच्या पातळीवर. बेटाचा कारभार पाहणारी कचेरी येथेंच आहे. गांवाच्या मध्यभागीं सेंट मेरीचें अठराव्या शतकांत बांधलेलें भक्कम देवालय असून त्याचा दगडी मनोरा दुरून नजरेंत भरतो. नाट्यगृहें नाहींत, आगगाडी नाहीं, वाळूचा किनारा नाहीं. ज्या प्रवाशांस करमणुकीची हांव असते ते येथें एक रात्र राहून निघून जातात. त्यांच्यासाठीं हा लेख नव्हे.

मग लोकांनीं बंदर सोडून इतक्या उंचावर राजधानी कां बरें वसविली? एक कारण चांचे लोकांचें भय हें होय. अटलांटिकमधील बेटांवर त्यांच्या स्वाऱ्या वारंवार होत, आणि किनाऱ्यावरील वस्ती सहज लुटली जाई. परंतु त्याहूनहि बलवत्तर कारण पाण्याचें आहे. आणि तें समजण्यासाठीं थोडा वाऱ्याचा अभ्यास केला पाहिजे.

भूगोलाच्या पुस्तकांत आपण व्यापारी वाऱ्यांविषयीं वाचतों. उत्तर गोलार्धांत हे वारे ईशान्येकडून वाहतात. कॅनरी बेटांकडे येतांना ते शेंकडों मैल समुद्रावरून येतात व बाष्पानें ओथंबलेले असतात. बेटाचा डोंगर आडवा आला कीं हवा वर चढते, थंड होते व तिच्यांतील बाष्पाचे सूक्ष्म जलबिंदु बनतात. आतां गंमत अशी कीं, आपल्या घाटमाथ्यावर जसा याचा मुसळधार पाऊस होतो तसा तेथें होत नाहीं. कारण सुमारें दीड हजार मीटरांच्या वर उबदार व कोरड्या हवेचा एक थर झांकणासारखा पसरलेला असतो. त्या झांकणाखालीं ढग कोंडला जातो. त्याला वर जाऊन मोठें होतां येत नाहीं, आणि मोठें झाल्यावांचून पाऊस पाडतां येत नाहीं. तो नुसता डोंगराच्या ईशान्य अंगास चिकटून, झाडाझुडपांतून हळुहळू सरकत राहतो. बेटाचें सर्वोच्च शिखर मालपासो १५०१ मीटर उंच आहे. म्हणजे शिखर उन्हांत, पायथा उन्हांत, आणि मधला पट्टा धुक्यांत, असा देखावा तेथें अनेकदां दिसतो. वाल्वेर्दे या पट्ट्याच्या खालच्या कांठावर आहे. सकाळीं लखलखीत ऊन असतां दुपारीं देवालयाचा मनोरा धुक्यांत नाहींसा व्हावा, हें तेथें नित्याचेंच आहे. भर उन्हाळ्यांतहि तेथें जाणाऱ्यानें एखादा लोकरी कपडा बरोबर ठेवावा.

ढग डोक्यावरून नव्हे तर अंगावरून जात आहे, परंतु पाऊस मात्र पडत नाहीं, अशा ठिकाणीं पाणी मिळवावयाचें कसें? या प्रश्नाचें उत्तर माणसानें शोधण्यापूर्वींच झाडांनीं शोधून ठेवलें होतें. धुक्यांतील बिंदु इतके हलके असतात कीं ते जमिनीवर पडत नाहींत. पण वाटेंत पान आलें तर त्यास चिकटतात. एकास एक मिळून थेंब होतो, आणि तो पानाच्या टोंकावरून खालीं गळतो. येथील डोंगरावरचीं देवदारासारखीं उंच पाइन झाडें पाहावीं. त्यांचीं सुयांसारखीं लांब पानें तीन-तीनांच्या झुबक्यांनीं लोंबत असतात व धुकें जणूं विंचरून काढतात. पावसाचा टिपूस नसतां अशा झाडाखालची जमीन ओली असते आणि दोन हात पलीकडची कोरडी, हें प्रत्यक्ष पाहण्यासारखें आहे.

वाल्वेर्देच्या नैर्ऋत्येस टिन्योर नांवाचें एक खेडें आहे. त्याच्या जवळच्या एका घळईंत, सुमारें एक हजार मीटर उंचीवर, पूर्वीं एक महावृक्ष उभा होता. स्पॅनिश लोक येण्यापूर्वीं बेटावर जे मूळ रहिवासी होते, त्यांस बिंबाचे म्हणत. ते या वृक्षास गारोए म्हणत व पवित्र मानीत. हा वृक्ष "तिल" नांवाच्या जातीचा होता. (आपल्या तिळाशीं याचा कांहीं एक संबंध नाहीं, हा दालचिनी व तमालपत्र यांच्या कुळांतील आहे.) ज्या घळईंत तो होता तिचें तोंड समुद्राकडे असल्यानें वाऱ्याबरोबर येणारा ढग नाळक्यांतून यावा तसा थेट त्याच्या पर्णभारावर येऊन आदळे. त्याच्या पानांवरून अखंड गळणारें पाणी बुंध्याशीं खोदलेल्या हौदांत सांठे आणि त्यावर माणसें व गुरें यांची तहान भागे. स्पॅनिश धर्मोपदेशक बार्तोलोमे दे लास कासास यांनीं आपल्या इतिहासग्रंथांत या वृक्षाचा उल्लेख केला आहे, आणि आब्रेउ गालिन्दो या फ्रान्सिस्कन साधूनें त्याचें सविस्तर वर्णन लिहून ठेविलें आहे. युरोपांतील कित्येक विद्वानांस ही निव्वळ भाकडकथा वाटली. परंतु कथा खरी होती. केवळ तिच्यांतील चमत्कार हा निसर्गनियमाचा चमत्कार होता.

या वृक्षाभोंवतीं एक आख्यायिका गुंफली गेली आहे. १४०५ मध्यें जां द बेतांकूर या नॉर्मन सरदारानें बेटावर स्वारी केली, तेव्हां रहिवाशांनीं गारोए वृक्ष फांद्या-गवतांनीं झांकून टाकला आणि पाणी न मिळाल्यामुळें परकी सैन्य आपोआप निघून जाईल अशी वाट पाहिली. पण आगार्फा नांवाची एक तरुणी शत्रूकडील एका सैनिकाच्या प्रेमांत पडली व तिनें त्यास तें गुपित सांगितलें. आणि बेट पडलें. ही कथा तेथें मुलांसहि ठाऊक असते. पण स्वारीबरोबर आलेल्या धर्मोपदेशकांनीं लिहिलेली जी समकालीन बखर आहे, तिच्यांत निराळीच हकीकत सांपडते. बेटाचा राजा आर्मिचे याचा भाऊ पूर्वींच पकडला गेला होता. बेतांकूरनें त्यास मध्यस्थ करून राजास तहासाठीं बोलाविलें. राजा विश्वासानें आला, त्याच्याबरोबर शंभरावर माणसें आलीं. आणि त्या सर्वांस कैद करण्यांत आलें. त्यांतील कांहीं गुलाम म्हणून विकलीं गेलीं. लेखक स्वतः जेत्यांच्या पक्षाचे असूनहि त्यांनीं ही गोष्ट लपविलेली नाहीं, हें त्यांस भूषणावह आहे. बेट पडलें तें एका मुलीच्या जिभेमुळें नव्हे, तर दिलेला शब्द मोडल्यामुळें. पराभवाचा दोष एखाद्या स्त्रीच्या माथीं मारून मोकळें व्हावयाचें ही लोककथांची खोड सर्वत्र सारखीच दिसते.

गारोए मात्र जेत्यांच्याहि उपयोगी पडला. वाल्वेर्दे गांव वाढलें तें अशाच पाण्याच्या आश्रयानें. पुढें १६१० मध्यें एका भयंकर वादळांत तो महावृक्ष उन्मळून पडला. त्यानंतरच्या तीन शतकांत बेटवासीयांनीं पाण्याचा एकेक थेंब कसा जपला, याचें वर्णन वाचतांना मन विस्मित होतें. घरोघरीं छपरावरचें पाणी सांठविण्यासाठीं जमिनींत टांकीं बांधलीं. रानांत मोठ्या झाडांच्या बुंध्यांत खोबणी कोरल्या, कीं पानांवरून ओघळलेलें धुकें त्यांत जमावें. तहानलेला गुराखी अशा खोबणींतून पाणी पिई.

कित्येक वर्षें असें होई कीं व्यापारी वारे रुसत आणि ढग येतच नसे. १७४१ च्या दुष्काळांत लोकांनीं बेटाच्या पश्चिम टोंकास असलेल्या एका लहान देवळांतून मेरीमातेची मूर्ति डोंगराच्या कण्यावरून मिरवत वाल्वेर्देस आणिली. त्यावेळीं पाऊस पडला असें सांगतात. कृतज्ञतेनें लोकांनीं नवस केला कीं दर चार वर्षांनीं ही यात्रा काढूं. ती प्रथा आजतागायत चालू आहे. जुलै महिन्यांत मूर्तीची पालखी पहांटे निघते. शुभ्र वस्त्रें ल्यालेले नर्तक बांसऱ्या, ढोल व मोठाल्या लांकडी चिपळ्या वाजवीत दिवसभर पुढें नाचत जातात. आणि प्रत्येक गांवाच्या शिवेवर एका गांवचे नर्तक पालखी दुसऱ्या गांवच्या स्वाधीन करतात. आपल्याकडील वारकऱ्यांस हा देखावा फारसा परका वाटणार नाहीं. ज्यांनीं पोटासाठीं देश सोडला ते या वेळीं परत येण्याची शिकस्त करतात.

देश सोडणारे थोडे नव्हते. १९४८ साल तेथें "कोरडें वर्ष" म्हणून अद्याप ओळखलें जातें. गुरें मेलीं, टांकीं आटलीं. आणि बेटावरील कितीएक माणसें व्हेनेझुएला देशास निघून गेलीं. परवाना न मिळाल्यामुळें कांहींनीं लहान गलबतांतून चोरून अटलांटिक ओलांडला. पाण्याच्या शोधांत निघालेल्या माणसानें चहूंकडे पाणीच पाणी असलेल्या समुद्रावर आठवडेच्या आठवडे काढावे, आणि त्यांतील एक घोंटहि त्याला पितां येऊं नये, हें दैव विलक्षण नव्हे काय?

वाल्वेर्देच्या आसमंतांतील सृष्टि पाहण्यास दोन-तीन दिवस पुरतात. पण ते पायीं फिरण्यांत घालवावेत. पश्चिमेस थोडें दूर, ग्वारासोका गांवाजवळ, ला पेन्या नांवाचा कडा आहे. सेसार मान्रीके या प्रसिद्ध कलावंतानें तेथें दगडांचें एक उपाहारगृह असें बांधलें आहे कीं तें कड्याचाच भाग वाटावें. त्याच्या खिडकींतून खालीं एल् गोल्फोची खाडी दिसते. ती खाडी म्हणजे पुरातन काळीं डोंगराचा अर्धा भाग कोसळून समुद्रांत गेला त्याची जखम होय. उरलेली भिंत हजार मीटरांहून उंच आहे. याच भिंतीच्या एका दुर्गम भागांत १९७४ मध्यें एका मोठ्या सरड्याची जात पुन्हां सांपडली. तोंवर ती नष्ट झाली असेंच शास्त्रज्ञ समजत होते. हे सरडे साठ सेंटिमीटरांपर्यंत वाढतात. आतां त्यांची पैदास पिंजऱ्यांत करून त्यांस रानांत सोडण्यांत येतें. पश्चिमेकडील पठारावर साबीना नांवाचीं जुनाट झाडें आहेत. वाऱ्यानें तीं इतकीं वांकविलीं आहेत कीं शेंडे जमिनीस टेकले आहेत, तरी तीं हिरवीं आहेत. आणि दक्षिणेस ला रेस्तिंगा गांवासमोर, १० ऑक्टोबर १९११ नव्हे, तर अगदीं परवां म्हणावें अशा १० ऑक्टोबर २०११ या दिवशीं, समुद्राच्या तळाशीं ज्वालामुखी जागा झाला. पाणी हिरवें-पिंवळें होऊन उकळ्यासारखें फुटूं लागलें, मासे मेले, गांव रिकामें करावें लागलें. हा उद्रेक मार्च २०१२ पर्यंत चालला. बेट अजून वाढत्या वयाचें आहे, याची ही खूण होय. पुढें मासे परत आले.

या वाऱ्यानेंच आतां बेटाची आणखी एक अडचण दूर करण्यास आरंभ केला आहे. वीज निर्माण करण्यासाठीं पूर्वीं सर्व तेल जहाजानें आणावें लागे. २०१४ मध्यें वाल्वेर्देजवळच्या डोंगरावर पांच प्रचंड पवनचक्क्या सुरू झाल्या. वारा जोरांत असतां गांवांस पुरून जी वीज उरते, तिनें खालच्या तलावांतील पाणी पंपांनीं वर चढवून एका विझलेल्या ज्वालामुखीच्या मुखांत सांठवितात. वारा पडला कीं तेंच पाणी सहाशें मीटरांहून अधिक उंचीवरून खालीं सोडून त्यावर यंत्रें चालवितात. २०१९ च्या उन्हाळ्यांत सलग चोवीस दिवस बेटानें तेलाचा एक थेंबहि विजेसाठीं जाळला नाहीं. तथापि अतिशयोक्ति करूं नये. वर्षाचा हिशेब पाहिला तर तेलयंत्रें अद्याप बरींच चालवावीं लागतात, कारण वारा हा कोणाचा नोकर नव्हे. समुद्राचें पाणी गोडें करणारीं यंत्रेंहि आतां बसविलीं आहेत, आणि तेव्हांपासून पिण्याच्या पाण्याची जुनी धास्ती राहिलेली नाहीं.

तरीहि वाल्वेर्देहून टिन्योरच्या वाटेनें चढत जाणारा प्रवासी त्या घळईपाशीं थांबल्याशिवाय राहत नाहीं. जुना गारोए जेथें होता, तेथें विसाव्या शतकाच्या मध्यास बेटवासीयांनीं त्याच जातीचें नवें रोप लाविलें. तें आतां चांगलें मोठें झालें असून शेवाळानें मढलें आहे. सभोंवतीं खडकांत व मातींत कोरलेले जुने हौद अद्याप शाबूत आहेत. ईशान्येचा वारा सुटला व ढग घळईंत शिरला, कीं थोड्याच वेळांत पानांच्या टोंकांवर थेंब लोंबूं लागतात, आणि खालच्या हौदांतल्या पाण्यावर वर्तुळें उठूं लागतात.